लेकॉक: सगळेच भाडेकरू असलेलं गाव

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात लेकॉक नावाचं एक गाव आहे आणि तिथली घरं विकत मिळत नाहीत, भाड्यानेच मिळतात. जवळजवळ अख्खं गाव एकाच मालकाचं आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकातली घरं, दगडी कौलं, वाकलेली लाकडं, दारावर चढवलेले गुलाबाचे वेल हे सगळं बघून लोक खूश होतात, फोटो काढतात, चहा पितात आणि जातात, पण मी गिरगावात पागडीच्या खोलीत वाढलेली मुलगी, माझ्या डोक्यात पहिल्यापासून एकच प्रश्न होता की भाडं कोण घेतं आणि छप्पर गळायला लागलं की खर्च कोण करतं. त्या प्रश्नामागे लागून मी या गावाचा जेवढा इतिहास वाचला तेवढा गिरगावचाही कधी वाचला नव्हता, आणि आता तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून हे लिहायला बसले.

माझी मामेबहीण बाथला असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा ताई म्हणाली तुला जुनी घरं बघायचा नाद आहे ना, मग बाथ राहू दे, तुला लेकॉकला नेते. चिपनहॅम स्टेशनला उतरायचं आणि तिथून बस. गाव म्हणजे चार रस्त्यांचा चौकोन, हाय स्ट्रीट, वेस्ट स्ट्रीट, चर्च स्ट्रीट आणि ईस्ट स्ट्रीट, बस. हाय स्ट्रीट बाकीच्या तिघांपेक्षा चांगलाच रुंद आहे कारण तिथे बाजार भरायचा. पहिल्या पाच मिनिटांत मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं पण काय ते कळेना, मग ताईने सांगितलं की वर बघ, एकही वायर नाहीये. विजेच्या, फोनच्या तारा जमिनीखालून नेल्यात आणि टीव्हीच्या अँटेना दिसतील अशा ठिकाणी लावत नाहीत. त्यामुळे सिनेमावाले आणि बीबीसीच्या मालिकावाले इथे नेहमी येतात, रस्त्यावर माती पसरली की काम झालं. पण गाव सेटसारखं रिकामं नाहीये हे मला महत्त्वाचं वाटतं. प्राथमिक शाळा आहे, बेकरी आहे, पब आहेत, खिडकीत मांजर बसलंय, दाराशी चिखलाचे बूट काढून ठेवलेत. लोक तिथे खरंच राहतात.

आता इतिहास. लेकॉकच्या गोष्टीत सुरुवातीला एक बाई आहे आणि शेवटाकडेही एक बाई आहे, मधे बरेच पुरुष येऊन जातात. पहिली बाई एला, सॉल्झबरीची काउंटेस. ही पदवी तिला नवऱ्यामुळे मिळालेली नव्हती, तिच्या वडिलांकडून वारशाने तिच्याकडे आली होती. नवरा विलियम लाँगस्पे हा राजा दुसऱ्या हेन्रीचा अनौरस मुलगा, म्हणजे जॉन राजाचा सावत्र भाऊ. तो १२२६ मध्ये वारला. त्या काळात एवढी मोठी जहागीर असलेली विधवा म्हणजे सगळ्यांचा डोळा तिच्यावर, राजा स्वतःच्या मर्जीतल्या माणसाशी तिचं लग्न लावून द्यायला टपलेलाच असायचा, पण एलाने पुन्हा लग्न केलं नाही ते नाहीच. तिने जहागीर सांभाळली, विल्टशरची शेरीफ म्हणून कामही बघितलं, आणि तेव्हाचा शेरीफ म्हणजे महसूल आणि कायदा दोन्ही हातात, आपल्या मुंबईच्या नगरपालांसारखं मानाचं पद नव्हे. आणि १६ एप्रिल १२३२ या एकाच दिवशी तिने दोन मठांची स्थापना केली, सकाळी लेकॉकला जोगिणींसाठी, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींसाठी, आणि नंतर हिंटनला साधूंसाठी. पुढे स्वतःच लेकॉकच्या मठात गेली, तिथली प्रमुख झाली. १२६१ मध्ये ती गेली, तिच्या नावाची शिळा अजून मठाच्या आवारात आहे.

मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणारी सनद, शाळेत वाचलेला असतो, १२१५, जॉन राजा, मार्क दोन. त्याची १२२५ ची प्रत, तिसऱ्या हेन्रीच्या काळातली, शेकडो वर्षं या लेकॉकच्या मठात जपलेली होती. त्यात एक कलम आहे की विधवेला नवऱ्याशिवाय राहायचं असेल तर कुणी तिला लग्नाची जबरदस्ती करायची नाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसून होते. लग्नाला नकार देणाऱ्या विधवेने बांधलेला मठ आणि त्याच मठात तो कागद. इतिहासात अशा गोष्टी जुळून येतात तेव्हा मला फार आनंद होतो.

मठामुळे गावाला बाजार भरवायचा हक्क मिळाला, जत्रा मिळाली, आणि आजूबाजूला मेंढ्यांचं रान असल्यामुळे लोकरीचा धंदा आला. एव्हन नदी जवळ, पाणी भरपूर. विणकर घरातच मागावर कापड विणायचे. गावातली सगळ्यात जुनी घरं या लोकरीच्या पैशावर उभी राहिलेली आहेत.

ती घरं कशी बांधलीत ते मात्र मला नीट सांगायचंय, कारण मी सगळ्यात जास्त वेळ त्याच्यापुढेच उभी होते. चर्च स्ट्रीटवर एक घर आहे, क्रक हाउस, त्याच्या कडेच्या भिंतीवर आतला सांगाडा उघडा दिसतो. मुळातच वाक असलेलं ओकचं झाड शोधून काढायचं, त्याचं खोड उभं चिरून दोन फाका करायच्या आणि त्या समोरासमोर उभ्या करून वर आढ्याशी जोडायच्या. दोन्ही फाका एकाच खोडाच्या असल्यामुळे दोन्हीचा वाक तंतोतंत सारखा. अशी एक जोडी इकडे, एक तिकडे, मधे तुळया टाकल्या की घराचा सांगाडा तयार, छपराचा सगळा भार त्या वाकड्या खांबांवरून थेट जमिनीत जातो आणि भिंतीला काही उचलावंच लागत नाही. म्हणून भिंत हलकी असली तरी चालते. ओकच्या किंवा हेझलच्या काटक्या विणायच्या आणि वर माती, शेण, पेंढा कालवून लिंपायचं, आपल्या कोकणातल्या कुडाच्या भिंती जशा तशाच. वरून चुना. मी लाकडाच्या अगदी जवळ जाऊन बघितलं. ऊन-पावसाने राखाडी झालेलं, रेषेरेषेने तडकलेलं, सांध्यात लोखंडी खिळा नाही, लाकडाच्या खुंट्या ठोकलेल्या आणि त्या खुंट्यांची डोकी थोडी बाहेर राहिलेली. ओक ओलं असतानाच कामाला घ्यायचे, मग ते वाळताना पिळवटतं आणि सांधे आणखीनच घट्ट बसतात. म्हणून ही घरं एका बाजूला झुकलेली दिसतात पण पडत नाहीत. ती वाकडी झाली ती पहिल्या काही वर्षांतच झाली आणि मग शेकडो वर्षं तशीच उभी आहेत.

छपराची दगडी कौलंही बघण्यासारखी आहेत. चुनखडीच्या पातळ फरश्या, वळचणीला मोठ्या आणि आढ्याकडे जाल तसतशा लहान होत गेलेल्या. हे वजन प्रचंड असतं, त्यामुळे वासे जाड लागतात आणि बऱ्याच छपरांचा पाखा मधे किंचित खाली बसलेला दिसतो. काही घरांत वरचा मजला रस्त्यावर पुढे काढलेला आहे, आणि काही घरांना अठराव्या शतकात पुढून विटांची नवी सरळ भिंत चढवलेली आहे, म्हणजे समोरून बघाल तर सगळं काटकोनात आणि बाजूच्या बोळात शिरून बघाल तर मागे तीच जुनी लाकडं. हाय स्ट्रीटवरच्या रेड लायन पबचा चेहरा असाच लाल विटांचा आहे. मला हे आवडलं. दर पिढीने स्वतःच्या काळाप्रमाणे थोडं काहीतरी केलंय, पण आधीच्याचं पाडलं नाही.

ईस्ट स्ट्रीटला चौदाव्या शतकातलं मोठं कोठार आहे, टाइद बार्न म्हणतात, मठाचं येणं इथे जमा व्हायचं. धान्य, कातडी, लोकर. म्हणजे बघा, तेव्हाही हे गाव भाडं भरणाऱ्यांचंच होतं, फक्त भाडं पैशात नव्हतं. आत गेलं की अंधार, थंडावा, आणि वर तीच वाकड्या ओकची रांग, एकामागे एक. शेजारीच दगडी घुमटीसारखी एक छोटी कोठडी आहे, अठराव्या शतकातली, खिडकी नसलेली, दारू पिऊन दंगा करणाऱ्याला रात्रभर आत डांबायचे. आणि जॉर्ज नावाच्या पबमधे चुलाण्यापाशी एक लाकडी चाक आहे ज्यात कुत्र्याला पळवायचे, चाक फिरलं की मांस लावलेली सळई फिरायची. चुलीच्या धगीशी तासन्‌तास पळणारा तो कुत्रा मनातून जात नाही.

चर्च संत सिरियाकचं. त्यात मला दोन गोष्टी आवडल्या, एक म्हणजे १५०१ सालचं जमिनीत बसवलेलं पितळी चित्र, रॉबर्ट बेनार्ड आणि त्याची बायको, आणि पायाशी त्यांची अठरा मुलं ओळीत उभी. दुसरी म्हणजे विलियम शॅरिंग्टनची कोरीव कबर, आणि या माणसाबद्दल सांगायलाच पाहिजे.

आठव्या हेन्रीने देशभरातले मठ बंद केले त्यात १५३९ मध्ये लेकॉकचाही गेला, जोगिणींना पेन्शन देऊन बाहेर काढलं आणि मालमत्ता विक्रीला काढली. शॅरिंग्टनने ती ७८३ पौंडांना घेतली. मठ विकत घेणाऱ्या बहुतेकांनी दगडासाठी इमारती फोडल्या. शॅरिंग्टननेही मठाचं चर्च पाडलं, पण बाकीचं ठेवून त्यालाच राहतं घर केलं. खालच्या मजल्यावर जोगिणींच्या ओवऱ्या, सभेची खोली, शेकोटीची खोली तशाच्या तशा, आणि वरच्या मजल्यावर त्याचा संसार. एका कोपऱ्याला अष्टकोनी मनोरा बांधला, आत दगडी टेबल, मौल्यवान वस्तू ठेवायला. पैसा कुठून आला तर तो ब्रिस्टलच्या टाकसाळीचा अधिकारी होता आणि नाण्यांत हात मारत होता. १५४९ मध्ये पकडला गेला, सगळं जप्त झालं, मग राजाने माफ केलं आणि पैसे भरून त्याने मालमत्ता परत मिळवली. माणूस लबाड होता, यात वाद नाही. पण त्याने त्या ओवऱ्या ठेवल्या म्हणून आज इंग्लंडमधल्या जोगिणींच्या मठाचं एवढं सलग बांधकाम बघायला मिळतं, आणि इमारतींच्या बाबतीत मी या एका गोष्टीसाठी त्याला नमस्कार करते. शेकोटीच्या खोलीत एक अजस्र धातूची देग ठेवलेली आहे, १५०० साली आजच्या बेल्जियममधल्या मेखेलेन शहरात ओतलेली, तिच्या काठावरची अक्षरं बोटाने चाचपून बघता येतील इतकी ठसठशीत आहेत, अर्थात हात लावू देत नाहीत.

शॅरिंग्टनला मूल नव्हतं, पुढे पुतणीच्या लग्नातून मालमत्ता टॅलबट घराण्याकडे गेली आणि ती त्यांच्याकडेच राहिली, थेट विसाव्या शतकापर्यंत. या घराण्यातल्या जॉन आयव्हरी टॅलबटने १७५३ ते १७५५ मध्ये सँडरसन मिलर नावाच्या हौशी वास्तुकाराकडून एक मोठा हॉल बांधून घेतला, गॉथिक पद्धतीचा. आत भिंतीतल्या कोनाड्यांत भाजक्या मातीचे पुतळे आहेत, त्यातल्या एका बकरीच्या नाकावर साखरेचा खडा ठेवायची प्रथा आहे, मी शोधून बघितला. आपण मुंबईकर गॉथिक म्हटलं की सीएसएमटी आणि राजाबाई टॉवर आठवणार, पण राजाबाई टॉवर पूर्ण झाला १८७८ मध्ये. हा हॉल त्याच्याही आधी सव्वाशे वर्षांचा. म्हणजे जुन्या कमानी पुन्हा बांधायची जी हौस पुढे साहेबाने बोटीत घालून आपल्याकडे आणली तिची सुरुवातीची पावलं अशा खेड्यातल्या घरांत पडलेली आहेत. फोर्टात हिंडताना आता मला तो हॉल आठवतो.

आणि मग फॉक्स टॅलबट. विलियम हेन्री फॉक्स टॅलबट, जन्म १८००, गणिती, वनस्पतिशास्त्रज्ञ, काही काळ खासदार. १८३३ मध्ये इटलीत कोमो सरोवराच्या काठी तो चित्र काढायला बसला, सोबत काचेच्या लोलकाचं एक साधन होतं ज्यातून समोरचं दृश्य कागदावर उतरल्यासारखं दिसतं, आणि तरीही त्याला चित्र जमेना. तेव्हा त्याच्या मनात आलं की हे दृश्य कागदावर आपोआप उमटून राहिलं तर किती बरं. घरी येऊन तो कामाला लागला. लिहिण्याचा चांगला कागद मिठाच्या पाण्यात बुडवायचा, वाळवायचा, मग त्यावर सिल्व्हर नायट्रेट फिरवायचं. असा कागद उजेडात काळा पडतो. गावातल्या सुताराकडून त्याने छोट्या छोट्या लाकडी पेट्या करून घेतल्या, पुढे भिंग बसवलं, आत हा कागद, आणि त्या पेट्या घरात, बागेत ठेवून द्यायच्या. त्याची बायको कॉन्स्टन्स त्यांना उंदराचे सापळे म्हणायची.

ऑगस्ट १८३५ मध्ये अशाच एका पेटीने मठाच्या दक्षिणेकडच्या सज्जातली जाळीची खिडकी टिपली. आज जगात टिकून राहिलेली सगळ्यात जुनी फोटोची निगेटिव्ह ती हीच. पोस्टाच्या तिकिटाएवढा कागद. त्याच्याच शेजारी टॅलबटने लिहून ठेवलंय की नवीन होती तेव्हा भिंगातून बघितलं तर काचेचे दोनेकशे चौकोन मोजता यायचे. आता ती इतकी नाजूक झालीय की मूळ कागद जपून ठेवलाय आणि लेकॉकमधे तुम्हाला दिसते ती खिडकी. मी त्या खिडकीसमोर उभी राहिले आणि खरं सांगते अंगावर काटा आला. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या छोट्या छोट्या काचा, बाहेर हिरवळ. आणि ही खिडकी मध्ययुगातली वगैरे नाहीये बरं का, ती टॅलबटनेच थोडी वर्षं आधी दुरुस्तीच्या वेळी बसवून घेतली होती. स्वतःच्या घरातलं नवं काम, त्याचाच फोटो काढावासा वाटला.

१८३९ च्या जानेवारीत फ्रान्समधून डागेरच्या शोधाची बातमी आली आणि टॅलबटला घाईघाईने आपलं काम जाहीर करावं लागलं. डागेरचा फोटो चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर असायचा, अतिशय रेखीव, पण एकच, दुसरी प्रत नाही. टॅलबटचा कागदावरचा थोडा भुरकट, पण एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती. आपण मोबाइलच्या आधी जे काही फोटो काढले, लग्नाचे, शाळेचे, स्टुडिओतून पाकिटात घालून दिलेले, सोबत त्या तपकिरी पट्ट्या आणि काका सांगायचे की निगेटिव्ह सांभाळून ठेवा, ते सगळं या वाटेने आलं. मुंबईतही ही वाट फार लवकर पोचली. १८५४ मध्येच इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे इथल्या पहिल्यावहिल्या फोटोग्राफरांपैकी. गिरगावातल्या किती जणांना हे माहीत आहे मला शंका आहे, माहीत असायला हवं.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. गाव टिकलं कसं?

एक कारण म्हणजे धंदा गेला. घरगुती विणकाम यंत्रांपुढे टिकलं नाही, बाजार आटला, गाव गरीब होत गेलं. गरिबीमुळे कुणी जुनं पाडून नवं बांधलं नाही, असं बहुतेक लोक सांगतात आणि ते खरंही आहे. पण मला ते अर्धंच वाटतं. आपल्याकडे गिरणगावातही धंदा गेला की. १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडल्या, आणि त्यानंतर काय झालं ते लोअर परळला जाऊन बघा. धंदा गेला म्हणून जागा वाचत नाही, उलट जमीन मोकळी झाली की तिला भाव येतो. लेकॉकला जमिनीचे तुकडे पडले नाहीत, अख्खं गाव एका घराण्याच्या नावावर, आणि त्या घराण्याला ते विकायचं नव्हतं, हे दुसरं अर्ध कारण. एका कुटुंबाने अख्ख्या गावाचं मालक असावं ही काही चांगली व्यवस्था आहे असं मी म्हणत नाही. तिथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मर्जीवर दिवस काढले असणार.

म्हणूनच दुसरी बाई महत्त्वाची. मटिल्डा टॅलबट, फॉक्स टॅलबटची नात. तिला १९१६ मध्ये मामाकडून हे सगळं वारशाने मिळालं. अविवाहित होती. १९४४ मध्ये, महायुद्ध चालू असताना, तिने मठ आणि गाव दोन्ही नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू आणि जागा जपणाऱ्या संस्थेला, देऊन टाकलं. विकलं नाही, दिलं. मॅग्ना कार्टाची ती प्रतही तिने युद्ध संपता संपता ब्रिटिश म्युझियमला दिली. लोक मठ दान करतात, वाडा दान करतात, पण शाळा, पब, बेकरी आणि भाडेकरूंसकट अख्खं गाव?

नॅशनल ट्रस्ट १८९५ मध्ये निघाला, तिघांनी काढला, त्यातली एक ऑक्टेव्हिया हिल. या बाईचं मूळ काम काय होतं माहितीये? लंडनच्या गरीब वस्तीतली घरं आणि त्यांचं भाडं. १८६५ मध्ये जॉन रस्किनच्या पैशातून मॅरिलबोनमधली पडकी घरं ताब्यात घेतली, दुरुस्त केली, आणि दर आठवड्याला स्वतः दारोदारी जाऊन भाडं गोळा करायची, त्या फेरीतच कुणाचं छप्पर गळतंय, कुठला नळ तुंबलाय ते बघायची. भाड्यातून पैसे लावणाऱ्याला पाच टक्के द्यायचे आणि उरलेलं घरावर खर्च करायचं. पुढे १९०७ च्या कायद्याने ट्रस्टला एक अधिकार मिळाला की एखादी मालमत्ता कायमची न विकण्याजोगी जाहीर करता येते, मग पार्लमेंटच्या परवानगीशिवाय ती कुणालाच विकता येत नाही, ट्रस्टच्या पुढच्या विश्वस्तांनाही नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. मालक असा आहे की ज्याला विकायची मुभाच नाही, आणि भाडं असं की ज्यातून छपरावर खर्च होऊ शकतो.

आमच्याकडे नेमकं उलटं आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या कायद्याला मी नावं ठेवणार नाही, त्याच्यामुळे माझ्या आजोबांना कुणी बाहेर काढू शकलं नाही आणि आम्ही गिरगावात वाढलो, शिकलो. पण आमचं भाडं इतकं कमी आहे की त्यात मालकाचा एक सुतार एक दिवस येणार नाही. मालकाला इमारत पडली तर फायदा, भाडेकरूला इमारत आपली नाही म्हणून खर्च करायची भीती, १९६९ पासून दुरुस्तीसाठीचा कर, म्हणजे सेस, भरतोय, आणि आमच्या जिन्याखाली टेकू लागलेत ते काढायचं नाव नाही. जिना सागवानी आहे, कठड्याचे दांडे कातलेले, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेले. चौदाव्या शतकातलं नसलं तरी ते लाकूड लेकॉकच्या ओकपेक्षा कमी प्रतीचं मुळीच नाही. खोताच्या वाडीत तर घरं स्वतःच्या मालकीची, तरी एकेक जातंच आहे, कारण एका घराला दहा वारस आणि सगळे दहा दिशांना, मग विकून वाटे करणं सोपं.

ताईशी यावर वाद झाला. ती म्हणाली तिथल्या लोकांना खिडकीचा रंग बदलायचा तरी विचारावं लागतं, तू राहशील अशी? मी म्हटलं, आनंदाने. रंग विचारून लावेन, पण पावसाळ्यात रात्री उठून बादल्या लावायला नकोत. आईला फोनवर सगळं सांगितलं तर तिने दोनच गोष्टी विचारल्या, काढून टाकत नाहीत ना, आणि दुरुस्ती वेळेवर करतात ना.

हे आपल्याकडे होणारच नाही असंही नाही. कुलाब्याची खुस्रो बाग बघा, १९३० च्या दशकातली, धर्मादाय पैशातून बांधलेली, आतले लोक भाडेकरू, आणि तरी ती वसाहत अजून डौलात उभी आहे. मुंबईत जुने ट्रस्ट कितीतरी आहेत, देवळांचे, ज्ञातींचे, त्यांच्या मालकीच्या इमारती गिरगाव-भुलेश्वरभर पसरलेल्या आहेत. त्यातल्या एखाद्याने तरी सगळ्या भाडेकरूंना बसवून ठरवावं की भाडं वाढवू, पण ते सगळं इमारतीतच जाईल आणि इमारत कधीच विकली जाणार नाही. आमच्या मजल्यावरची निम्मी माणसं तरी वाढीव भाड्याला तयार होतील, मी विचारून बघितलंय, त्यांना फक्त पैसा जिन्यात जाणार याची खात्री हवी आहे.

कुणी बाथ-ब्रिस्टलकडे जाणार असेल तर लेकॉकसाठी पूर्ण दिवस काढा, आणि शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. मठाच्या आतल्या खोल्या सगळ्या दिवशी उघड्या नसतात, आधी चौकशी करा. फाटकापाशी जुन्या कोठारात फोटोग्राफीचं म्युझियम आहे, ते आधी बघा आणि मग खिडकी बघायला जा, उलट करू नका. चर्चच्या मागे थोडं चालत गेलात की ओढा रस्त्यावरूनच वाहतो आणि बाजूला पूर्वी लादलेल्या घोड्यांसाठी बांधलेला अरुंद दगडी पूल आहे, तिथे बहुतेक पर्यटक पोचतच नाहीत. आणि घरांच्या खिडक्या रस्त्याला अगदी लागून आहेत, फोटो बाहेरून काढा पण काचेला नाक लावून आत डोकावू नका, आत कुणाचं तरी जेवण चाललेलं असतं.